भाडेकरूचं ऊन

एर्लांगेन,
२ नोव्हेंबर २०२५

ती. सुलेखाआत्यास,
सविनय जयभीम, वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र. बाबा येऊन तीन आठवडे झाले. पहिला आठवडा मजेत गेला. मग त्यांना तळघरात साऱ्या बिऱ्हाडांचे मीटर ओळीने लावलेले दिसले आणि त्यांच्यातला वीज मंडळाचा जुना लाइनमन जागा झाला. रोज सकाळी वही घेऊन खाली जातात. दिवसाला तीस युनिट जातात म्हणे. आमच्या या भाड्याच्या घरात हिटरही विजेवर चालतात, त्यामुळे मलाही ते खरं वाटलं.

तेव्हापासून त्यांच्या खोलीतला हिटर बंद. मी लॅबला निघते तेव्हा चालू असतो, परत येते तेव्हा भिंती गार. दमा बळावलाय. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा गारठा छातीत बसला तर दवाखान्यात ठेवावं लागेल. बाबांचं उत्तर ठरलेलं : "लेकीच्या घरी वीज जाळायला आलो नाही मी." आता तिकीट अलीकडचं करून निघायचं म्हणतात. आई गेल्यावर किती विनवण्या करून त्यांना आणलं मी. अशा छातीने त्यांना विमानात बसवायची भीती वाटते गं.

एक वाट आहे. आमच्या इमारतीच्या छतावर एका सहकारी संस्थेने सौर पॅनेल बसवलेत. भाडेकरूने पॅनेल विकत घ्यायचं नाही, नुसता अर्ज भरायचा. छतावरची वीज स्वस्तात मिळते, कमी पडली तर तीच संस्था बाहेरून पुरवते. पण बाबा म्हणतात, भाडेकरूला कसलं आलंय छत, घरमालक पैसे घेईल आणि एक दिवस अंधार करेल. पुढचं ऐकूनच घेत नाहीत. ते तुझ्या शब्दाबाहेर नाहीत, चार ओळी लिही.

तब्येतीला जप आणि माझ्यावर माया असू दे.
तुझी,
धम्मदीपा


नागपूर,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. धम्मदीपास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र पोचलं. तुझा बाप जन्माचा हट्टी. लहानपणी ताप लपवून तलावावर पोहायला जायचा. पण हा हट्ट निराळा आहे, तुला माहीत नाही म्हणून सांगते.

सत्त्याऐंशी साली आम्ही इथेच नागपुरात, इंदोऱ्यात भाड्याने राहायचो. घरमालक आमच्याकडून विजेचे पैसे दर महिन्याला घ्यायचा, पण मंडळात भरायचा नाही. शेवटी लाइन कापायचा हुकूम निघाला, आणि पाठवलं कुणाला, तर तुझ्या बापाला, यशपालला. नोकरी लागून चार महिने झाले होते त्याला. खांबावर चढला, सख्ख्या बहिणीची लाइन कापली आणि माझ्याकडे न बघता सायकलवर बसून गेला. आमच्या अर्जुनची दहावीची परीक्षा आठ दिवसांवर होती.

पोराने शेजाऱ्यांकडे बसून अभ्यास केला, पासही झाला. मी यशपालला कधीच दोष दिला नाही. हुकूम मोडला असता तर नोकरी गेली असती, आणि आईबाबा त्याच्याच पगारावर होते. पण त्याला हे तोंडाने सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. ही चूक माझी.

तू तो अर्ज भर. पण सही करण्याआधी त्यालाच तपासायला दे. घरमालकाच्या हातात काय उरतं, ते त्याला स्वतः शोधू दे. आणि हे पत्रही त्याच्यापासून लपवू नकोस.

आशीर्वाद आहेतच, पत्र पाठवत जा.
तुझी आत्या,
सुलेखा


एर्लांगेन,
१७ डिसेंबर २०२५

ती. सुलेखाआत्यास,
सविनय जयभीम, वि. वि.

आत्या, जीव भांड्यात पडला. तुझ्या सांगण्याप्रमाणे करार बाबांपुढे ठेवला. मी वाक्य न् वाक्य मराठीत सांगत गेले, ते वकिलासारखे उलटतपासणी घेत राहिले. बिल थेट माझ्या नावाने येतं, पैसे थेट संस्थेकडे जातात, घरमालक मध्ये कुठेच नाही, एवढी खात्री झाल्यावर स्वतः पेन काढून माझ्या हातात दिलं.

गेल्या आठवड्यात संस्थेच्या बाई नवीन मीटर बसवायला आल्या. त्यांनी जुन्या मीटरचा नंबर विचारला. बाबांनी ऐटीत पाठ म्हणून दाखवला. बाईंच्या कागदावर दुसराच. आत्या, ते दीड महिना शेजाऱ्यांचा मीटर वाचत होते! मीटरखालच्या पाटीवर 'दुसरा मजला, डावीकडे' असं लिहिलंय. इथे डावं-उजवं जिना चढून आल्यावर धरतात, बाबांनी ते रस्त्यावर उभं राहून धरलं. शेजारीण मातीची भांडी भाजते, घरातच विजेची भट्टी आहे. आमचा वापर तिच्या निम्म्याहूनही कमी.

बाबा पायरीवर बसले आणि खोकला येईपर्यंत हसले. आयुष्यात पहिल्यांदा चुकीचा मीटर वाचला, तोही परदेशात, म्हणाले. आता हिटर दिवसभर चालू असतो. डॉक्टर म्हणाले, छाती मोकळी होतेय. तिकीट जानेवारीचंच ठेवलंय. डिसेंबरात ऊन ते किती, पण मोबाइलवर छतावरची वीज बघत बसतात आणि ढग आला की मला लॅबमध्ये कळवतात.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी ते त्यांना दिलं. त्यांनी लिहिलेली चिठ्ठी याच पाकिटात आहे. मी वाचलेली नाही.

अशीच पाठीशी राहा.
तुझी,
धम्मदीपा


एर्लांगेन,
१७ डिसेंबर २०२५

ती. आक्कास,
सविनय जयभीम, वि. वि.

इकडे सर्व ठीक. खोली उबदार आहे, रात्री झोप लागते. दीपाने मीटरचं सांगितलंच असेल. अर्जुनला सांगू नकोस, तो नागपूरभर सांगत सुटेल.

तुझं पत्र वाचलं. 'दोष दिला नाही' ही ओळ चार वेळा वाचली. आक्का, दारावर कुलूप होतं असं लिहून मी त्या दिवशी परत येऊ शकलो असतो. बाकीचे लाइनमन तसं लिहायचे. मी घाबरलो.

त्यानंतर तुझ्याकडे आलो तो उंबऱ्यापर्यंतच. कधी ड्युटी सांगितली, कधी पोट बिघडल्याचं. तूही कधी खोदून विचारलं नाहीस. अडतीस वर्षांत तुझ्या घरचा एक घास खाल्ला नाही मी.

पाच जानेवारीला नागपूरला उतरतो. विमानतळावरून तुझ्याकडेच येतो. पाटवडीचा रस्सा कर. भाकऱ्या जास्त टाक.

तुझा,
यशपाल