प्रेसचा डोळा

पिंपळे सौदागर,
रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय नागसेनराव,

सप्रेम जयभीम. वहिनींना आणि आईंना नमस्कार. इकडे आम्ही सुखरूप आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. उदगीरला पाऊस उघडला का? उजव्या हाताची जखम अजून ओढते का? हे विचारायला मला अकरा महिने लागले. फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही लगेच "असू द्या, सर" म्हणता आणि मी ते त्याहून लगेच मान्य करतो. म्हणून कागद.

बातम्या अशा. स्टोअर्सला नवीन संगणक आला आहे. त्याला नट सापडतात, बोल्ट सापडत नाहीत. कॅन्टीनची डाळ अजून अद्वैतीच आहे, तिच्यात आणि पाण्यात भेद करता येत नाही. स्वरूपा बरी आहे, पण तिची नवऱ्याबद्दल एक तक्रार आहे. मी काचा पुसतो. चष्मा, आरसा, दाराचं भिंग. लिफ्टमधल्या कॅमेऱ्याची काच पुसायला स्टूल घेऊन गेलो, तेव्हा सोसायटीने लेखी खुलासा मागवला. मीही लेखी दिला, चांगला दोन पानी. वाचून सेक्रेटरी हसले. स्वरूपा हसली नाही.

तिनेच मग पूनमला शोधून काढलं. ही मानसतज्ज्ञ. दवाखान्याच्या पाटीखाली मला कोणी बसलेलं पाहिलं तर, असं मी कुरकुरत होतो. तर हिचा दवाखानाच चार चाकांवर निघाला. थेट आमच्या पार्किंगमध्ये आला. इथे अशी गाडी कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्यांची येते. शेजारचे नानासाहेब म्हणाले, "वा! कुठला घेतलात? लॅब्रेडॉर?" मी म्हटलं, "देशी आहे. वय झालंय, अंगावर येत नाही."

व्हॅन तिच्या वडिलांची. सोपानराव चाकणचे जुने शेतकरी. पूर्वी हिच्यातून कांदा बाजारात न्यायचे, आता लेकीला फिरवतात. आत दोन खुर्च्या, पडदा, पाण्याचा जार. कांद्याचा वास मात्र गेलेला नाही, त्यामुळे पेशंटला रडायला निमित्त आयतं. गाडी लावली की सोपानराव लांब जाऊन उभे राहतात आणि तिथून ओरडतात, "म्या काय ऐकत न्हाई! तुमी चालू द्या!" सगळ्या पार्किंगला कळतं की काहीतरी चालू आहे.

पहिले दोन आठवडे मी तिला मन म्हणजे काय, यावर शास्त्राधारे बोललो. ती शांतपणे म्हणाली, "काका, छान शिकवता तुम्ही. पण मी परीक्षेला बसणार नाहीये. मला एवढंच सांगा, सगळ्यात आधी कोणती काच पुसलीत?"

मी म्हटलं, "चष्म्याची."

"बरं," ती म्हणाली. वहीत काही लिहिलं नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून ती बोलायची जागा सरकवू लागली. आधी तळवड्याला, छोट्या वर्कशॉपांच्या गल्लीत. मग चाकणला, कंपन्यांच्या बसगाड्या उभ्या राहतात तिथे. आणि गेल्या मंगळवारी दुपारी आपल्या कंपनीच्या गेटसमोर. प्रेसचा ठोका खुर्चीच्या पायांतून वर येत होता. नागसेनराव, तो ठोका मी घरीही ऐकतो. जिन्यात, भांड्यांत, स्वरूपाच्या शिलाई मशीनमध्ये. मध्येच एक ठोका चुकतो आणि मी थिजतो. त्या दिवशी तुम्ही ओरडलात असं सगळे सांगतात. मी दहा पावलांवर होतो. तुम्ही ओरडला नव्हता. तुम्ही फक्त हाताकडे पाहत होतात, दुसऱ्या कुणाचा असावा तसं.

आता लिहितो.

खंडेनवमीची यंत्रपूजा दरवर्षी माझ्याकडे. स्टोअरकीपर संस्कृतात एम.ए. असल्यावर कंपनी भटजी कशाला बोलावेल? तुम्ही पूजेला बसत नसायचात, पण मशीन पुसून द्यायला थांबायचात. प्रेसच्या दोन्ही खांबांवर सेन्सरच्या त्या उभ्या काचा होत्या. हात आत गेला की प्रेस थांबवायच्या. आपण सगळे त्याला डोळा म्हणायचो. मी तेलात कालवलेलं कुंकू घेऊन पुढे झालो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "सर, डोळ्याला नका लावू. दिसायचं बंद होईल त्याला." मी म्हणालो, "नागसेनराव, तुम्ही पूजेला नसता, निदान विधी तरी आम्हाला ठरवू द्या." सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी दोन्ही काचांवर बोटं ओढली.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि प्रेस सारखी थांबू लागली. सुपरवायझर सयाजीने स्टोअर्समध्ये फोन केला, "शास्त्री, ते कुंकू पुसलं तर चालेल का?" मी चहा पीत होतो. म्हटलं, "छे! पूजेचं कुंकू पुसत नसतात. आपोआप जाऊ दे." त्याला माल द्यायचा होता. त्याने परस्पर एक वायर जोडून डोळाच बंद केला आणि तुम्हाला सांगितलं नाही. पत्रा सरळ करायला तुम्ही हात घातलात. प्रेस थांबेल या भरवशावर.

डोळा बंद होता, हे तुम्ही चौकशीत सांगितलंत. कोणी मानलं नाही. साहेब पाहायला आले तेव्हा ती वायर तिथे नव्हती आणि काचा लख्ख होत्या.

वायर सयाजीने काढली. काचा मी पुसल्या. तुम्हाला दवाखान्यात नेणारी गाडी गेटबाहेर पडत होती तेव्हा, माझ्या रुमालाने. मला कोणी सांगितलं नव्हतं.

अहवालात आलं, "कामगाराचा निष्काळजीपणा." दिवाळीत तुम्ही फोनवर म्हणालात, "माझंच चुकलं असेल, सर. मलाही आता नीट आठवत नाही." मी म्हणालो, "तब्येतीला जपा."

हे सगळं व्हॅनमध्ये सांगून झाल्यावर पूनमने वही मिटली. मग म्हणाली, "काका, हे त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"मग त्यांना काय माहीत आहे?"

"की त्यांचंच चुकलं."

"पुढे काय करायचं ते मी सांगणार नाही. ते तुम्ही ठरवा. मी पुढच्या मंगळवारीही येईन, काहीही ठरवलंत तरी." परतीच्या वाटेवर सोपानरावांनी माझा चेहरा आरशात पाहिला असावा. एवढंच विचारलं, "जेवला का?" मी नाही म्हटलं. त्यांनी मुकाट्याने डबा मागे दिला. मी खाल्लं. भूक लागते, याचीच लाज वाटली.

शुक्रवारी कारखाना निरीक्षकांच्या कचेरीत मी हे सगळं लेखी दिलं, सहीनिशी. शिक्का मारलेली प्रत सोबत जोडली आहे. ती भरपाईसाठी तुमच्या वकिलांना दाखवा. कंपनीला अजून कळलेलं नाही; उद्या कळेल. स्वरूपाला माहीत आहे. ती म्हणाली, "आधीच द्यायला हवं होतं," आणि कचेरीत माझ्याबरोबर आली.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुम्ही द्याल, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि मी पुन्हा सुटेन.

तुमचं चुकलं नव्हतं. एवढी ओळ वहिनींना आणि आईंना मोठ्याने वाचून दाखवा. जबाबाला बोलावतील तेव्हा मी येईन आणि हेच तोंडाने सांगेन. मागच्या बाकावर बसेन. तुम्ही वळून बघितलं नाहीत तरी चालेल.

आपला अपराधी,
ज्योतीराम