मास्तरांच्या नावे काही नाही

मी, चौथी शिकलेली, एका मुलाची आई आणि एका नातीची आजी, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या धाकाने नव्हे, आपल्या हाताने हे मृत्युपत्र लिहिते. डोक्याचं मुद्दाम लिहिलं, कारण उद्या माझं लग्न आहे.

आमच्या घराण्यात बाई एकदाच लग्न करते. सासूबाई तशाच राहिल्या. हे गेल्यावर मीही केस पांढरे होईपर्यंत राहिले. मास्तरांच्या शिवणाच्या दुकानात ते कापड कापायचे, मी काज-बटणं करायचे. बोलणं काय, दोऱ्याच्या रंगाचं. त्यातच जीव जडला.

मुलगा म्हणाला, "आई, या वयात?" मी म्हटलं, "मग कधी? त्या वयात तुझं दप्तर होतं." मग म्हणाला, "त्यांचा डोळा घरावर आहे." वर्षभर हेच. थकले बाबा.

तेव्हा राहतं घर मुलाला. मास्तरांचा त्यावर कसलाही हक्क नाही, हे त्यांनीच लिहायला लावलं. मी त्यांच्या दुकानामागच्या खोलीत जाते. मोरीतला नळ गळतो, तोही मुलालाच.

शिलाई मशीन सुनेला. "तुम्ही जा, यांना मी बघते," असं ती हळूच म्हणाली. मशीनला तेल घालत जावं, नवऱ्याला फार घालू नये.

बँकेतलं सगळं नातीला. उद्याची साडी तिने निवडली. रंग जरा भडक आहे, पण मी आरशासमोर सारखी जाऊन येते.

नणंदबाईंना लोकरीची शाल. 'म्हातारचळ' हा शब्द त्यांचा त्यांना परत.

उद्याचं लग्न ध्यानात घेऊनच हे केलं आहे, म्हणून लग्नामुळे हे रद्द धरू नये. हे वाक्य वकीलबाईंचं.

मुलाला एक सांगणं. मला शेवटचं नेताना मास्तरांना मागे गर्दीत ठेवू नकोस, शेजारी उभं कर. कोणी विचारलं तर "आईचे यजमान" म्हण. बाबा म्हणायची सक्ती नाही. नाही ऐकलंस तरी घर तुझंच, पण ऐक.

ज्याला काही मिळत नाही त्यानेच साक्षीला सही करावी, असं वकीलबाई म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "मग माझाच नंबर."

लिहून देणार: सही (अंगठा नव्हे)
ठिकाण: वकीलबाईंची कचेरी
तारीख: लग्नाचा आदला दिवस, सोमवार

साक्षीदार: शेजारच्या नर्सबाई. नातं: शेजार.
साक्षीदार: कटिंग मास्तर. नातं: आज काही नाही, उद्या दुपारपासून नवरा.