विहिरीतला इद्दिर

शाबान ३
—आणि गोष्टीतल्या इद्दिरला विहिरीत पाडून मी चहा मागितला. रोजचीच युक्ती. उद्या वर काढायचा.

शाबान ४
काढता आला नाही. तो कसा निघाला तेच आठवेना! चाळीस वर्षं सांगतोय ही गोष्ट. आज विहिरीच्या दगडांचं वर्णन करून वेळ मारून नेली.

शाबान ६
सराय भरली. काफिलेवाल्यांचा नेम: गोष्टीतला माणूस संकटात असताना खेचरावर ओझं चढवायचं नाही — घाटात पाय मोडतो. कुणी हलायला तयार नाही. मालकीण लल्ला इत्तो खूश.
"बा हद्दू, राहू दे त्याला खाली. घाई काय आहे?"
"उपाशी आहे तो."
"मग वरून खजूर टाका!"
चुलीतला जिन्नही मुक्काम वाढवून बसलाय. त्याच्याजवळ ओझं कुठलं?

शाबान ८
मिठाचा व्यापारी बासू अंगावर आला. बारा तारखेला घाटापलीकडे त्याच्या मुलीचं लग्न. "बा, तुमचा इद्दिर तिथं संसार थाटून बसलाय का?"
काहीतरी रचून सांगू? नाही. ही घडलेली गोष्ट आहे. बापानं मला दिली ती तशीच.
विसरलो म्हणू? मग इत्तो मला कशाला ठेवील? चुलीजवळचा हा बाक सोडला तर मला घर नाही.
म्हातारी राक्षसीण रोज तबेल्याच्या दारातून ऐकते. आत मावत नाही. आज तिनं हरीऱ्याच्या कढणाचं भांडं भरलेलं परत पाठवलं.

शाबान ९
सांगून टाकलं. "मी शेवट विसरलो."
वाटलं, संपलं आपलं.
बासू उठला. "विसरलात तर विसरलात! हा माझा दोर सोडा खाली!"
"तुझा दोर? त्यानं बोकड बांध," इत्तो म्हणाली. "तबेल्यातला घ्या. चाळीस हात आहे."
जिन्न म्हणाला, मी खाली जाऊन गाठ मारतो.
"तू? तुला चुलीतून उठवायला फुंकणी लागते!" इत्तो खेकसली.
भांडत भांडत, बोलण्यातूनच सगळ्यांनी त्याला वर ओढलं. मी नुसता ओरडत होतो — हळू, डोकं आपटेल! इद्दिर वर आला. खोकला. पाणी मागितलं.
इत्तो रडली. खोल्या रिकाम्या होणार म्हणून नाही, असं तिनंच तीनदा सांगितलं. मग माझ्या बाकावर उशी आणून ठेवली.

सगळे पांगल्यावर राक्षसीण पहिल्यांदा बोलली.
"दोरानं निघतो माणूस?"
"निघाला की, खाला."
"तो पडला तेव्हा मी तिथं होते. एवढीशी होते. हाका मारत होता. मी पळाले." तिनं तबेल्यातल्या दोराकडे पाहिलं. "तुमच्या बापानंही शेवट रचलाच असणार. इद्दिरला काढायला कुणी आलं नव्हतं."

शाबान १०
पहाटेच बासूनं घाट धरला. राक्षसीण नाही. तबेल्यातला दोर नाही. तिची पावलं दक्षिणेला गेली आहेत. इद्दिरची विहीर तिकडेच.