हरिदासचा कंप्युटर

४ जुलै १९८८
हरिदासले वर्ध्याच्या कंप्युटर क्लासात घातलं. रूपराव मास्तर म्हणे, हा क्लास सायन्सवाल्यांचा नाई, बी.ए., बी.कॉम.वाल्यांना पहिल्यापासून शिकवतो. म्हटलं, आमचा बी.ए.ले दोनदा बसला, अनुभव आहे. दसरा झाला की तिथल्या पतसंस्थेत कंप्युटर चालवणाऱ्याची एक जागा निघते. ती हरिदासची.
आणखी एक ठरलं. नोकरी लागली की सुनेले, गुलाबले, गिरडले बापाकडे पाठवाचं. तीन वर्षं झाली, पाळणा नाई, अन् तोंड असं की म्हैस दूध चोरते. आष्टीच्या आनंदाबाईची पोरगी पाहून ठेवली. गोरी आहे.

७ जुलै
हरिदास एकटा जात नाई. बसमधी उलट्या होतात म्हणे. गुलाबले संगं पाठवते, पाठ चोळाले. मास्तर म्हणे, येऊनच राह्यली तर तिचंही नाव घालतो. घाला म्हटलं. म्हशीपुढं रेडिओ लावला म्हणून का ती गाणं म्हणते?

२१ जुलै
प्रगती जोरात. हरिदास म्हणे, कंप्युटरची खोली थंडगार असते, चपला बाहेर काढा लागतात. अन् शिकला काय? म्हणे, अक्षरं हिरवी असतात.
गुलाब भाकर थापता थापता मधातच बोलली. कंप्युटरले स्वतःची अक्कल नसते आत्याबाई, आपण सांगू तेच करते, चुकीचं सांगितलं तर चूकही इमानदारीनं करते. म्हटलं, मग तुह्यात अन् त्याच्यात फरक काय? पाणी भर.

१६ ऑगस्ट
स्वतः वर्ध्याले गेली. काचेतून पाहिलं. हरिदास डोळे मिटून विचार करून राह्यला होता. लाळ गळत होती, एवढा खोल विचार. गुलाबचं मात्र टकटक टकटक. डोकं नसलं की हातच चालतात.
मास्तर म्हणे, बाई, तुमची सून हुशार आहे. मास्तरची नियत बरोबर दिसत नाई.

२ ऑक्टोबर
पतसंस्थेच्या जागेची परीक्षा दसऱ्यानंतरच्या सोमवारी. ज्यानं त्यानं आपापली फ्लॉपी न्याची. फ्लॉपी म्हणजे काळं पातळ चौकोनी पाकीट, आत चकती, मधात भोक. केलेलं सगळं काम तिच्यात राहते म्हणे. घरात दोन आहेत, एकीवर हरिदासचं नाव, एकीवर गुलाबचं. गुलाबनंही अर्ज केला! हसून पोट दुखलं.
आष्टीले निरोप धाडला. दिवाळीनंतर बोलणी.

१९ ऑक्टोबर, खंडे नवमी
घरातली सगळी हत्यारं पुजली. विळा, कुऱ्हाड, वखराची पास. मग हरिदासची फ्लॉपी. त्याचं हत्यार तेच. आधी दुधानं धुतली, मग पाण्यानं. हळदकुंकू लावलं, झेंडू वाह्यला. थोडं कुंकू भोकातून आत गेलं. जाऊ दे, चकतीलेही आशीर्वाद पाहिजे.
गुलाबची फ्लॉपी बाजूलेच होती. तिले बोटही लावलं नाई. पाहू देव कोणाले पावते.
गुलाब वावरातून आली अन् ती फ्लॉपी पदरानं पुसाले लागली. आत्याबाई, काय केलं हे, म्हणे. जळते, दुसरं काय.

२४ ऑक्टोबर
परीक्षेले मीही संगं गेली, दारात उभी राह्यली. हरिदासची फ्लॉपी मशीननं घेतलीच नाई. नुसती करकर. साहेबानं काढून वास घेतला. कोणी दूध सांडलं म्हणे हिच्यावर? हरिदास भर खोलीत बोलला, आईनं. मंग साहेब म्हणे, हरकत नाई, इथंच करून दाखव. तर हा मशीनच्या पाया पडला. मेले सगळे हसले.
बाहेर गुलाब म्हणे, यांचं सगळं काम मीच करून यांच्या फ्लॉपीत भरलं होतं आत्याबाई. नुसती आत घालाची अन् एक बटण दाबाचं. महिनाभर तेच बटण शिकवलं.
खोटारडी. देवाच्या दुधानं कोणाचं काम बिघडते का?

३ नोव्हेंबर
जागा गुलाबले भेटली. कंप्युटरची चूक असन. तो इमानदारीनं चूक करते, हे तिनंच सांगितलं.

१४ नोव्हेंबर
गुलाबनं वर्ध्यात खोली घेतली. हरिदास मागं मागं गेला. जाताना म्हणे, आई, रोज बसनं जमत नाई.
बरंच झालं. सून घराबाहेर काढाची होती, निघाली. गिरडचं तिकीटही काढा लागलं नाई. हरिदासचं काय, कंटाळला की येईन माघारी, मंग आष्टीचं पाहू.

२० नोव्हेंबर
आनंदाबाई पोरीले घेऊन आली. पोरगी खरंच गोरी. माय-लेकीनं चिवडा खाल्ला, लाडू खाल्ले, मंग आनंदाबाई म्हणे, आम्ही सोयरीक कराले नाई आलो बाई. बिनकामाच्या बिजवराले पोरगी कोण देते? तुमची सून हिले कंप्युटर शिकवन का, तेवढं विचारा. तुमचा शब्द मोडणार नाई ती.
म्हटलं, माह्या शब्दाबाहेर आहे का ती? उद्याच निरोप धाडते.

२४ नोव्हेंबर
हरिदास येऊन गेला. आत नाई आला, दारातूनच सांगितलं. गुलाब म्हणे, पोरीले खुशाल पाठवा. आत्याबाईंनी मात्र येऊ नये.
मी कुठं जाऊन राह्यली होती? एकटीचा असला तरी सैपाक काय आपोआप होते का?