राणीचं पायपुसणं

ती. आईस,
तुला आणि तुझ्या हट्टी गुडघ्यालाही साष्टांग नमस्कार.

माझं छान चाललंय. खोकला गेला, जेवण वेळेवर होतं. तू तेल लावतेस ना?

मी ज्यांना किल्ला दाखवते ते बुरुजावर रमतात, पण खालच्या मुदपाकखान्यात कोणी थांबत नसे. छप्पर उडालेलं, एक थंड चूल, बघणार काय? मग मी एक राणीच रचली. "मोठी खमकी बाई. सेनापती असला तरी पाय पुसल्याशिवाय आत घ्यायची नाही." बोलणी सगळी तुझीच. आता लोक उंबऱ्यावर निमूट पाय पुसतात. आमच्या ऑफिसच्या साहेबांनी तर तिथे पायपुसणंच आणून टाकलंय.

काल एका आजींनी विचारलं, "पुढे राणीचं काय झालं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "एकटीच असते. गुडघा दुखतो, पण विचारलं की म्हणते, मला काय धाड भरलीय?"

सगळे हसले. आजी तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, मग तिला इकडे घेऊन ये."

दादा आणून सोडतो म्हणालाय. मुदपाकखान्याला एकही पायरी नाही. पायपुसणं टाकलेलंच आहे, फक्त राणी यायची राहिलीय.

तुझी बोलणी खाऊन मोठी झालेली,
धाकटी