चपलांच्या ढिगातला पाय

बरवा अल बराहा, दोहा
शुक्रवार, दुपारची वेळ

तीर्थरूप दाजींच्या चरणी (हा शब्द हाताच्या सवयीने पडला, राग मानू नये) संपतचा साष्टांग नमस्कार. आठ अंगांतलं एक माझं फायबरचं आहे, पण नमस्कार करताना काढून ठेवलेलं नाही, तेव्हा आठच्या आठ जमा धरावीत. इकडे सर्व क्षेम. ऊन चढायला लागलंय, खोलीतला एसी कण्हतोय आणि मेसमधली डाळ दिवसेंदिवस पारदर्शक होत चालली आहे. तिकडे तुमची, आक्काची, ईश्वरीची आणि त्या गाभण म्हशीची तब्येत कशी आहे ते कळवावे. (म्हशीची चौकशी आधी करणार होतो, पण पत्र आक्काच्या हातात पडायची भीती आहे.)

पत्रास कारण की आक्काचा फोन आला होता. ट्रॉलीखाली तुमचा पाय गेला त्याला आता बरेच महिने झाले, मिरजेहून आणलेला नवा पाय मात्र तुम्ही अजून खोक्यातून काढलेला नाही म्हणे. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन कडी लावता. आणि आता वैशाखात ईश्वरीचं लग्न, तर म्हणताय, मी मांडवात येणार नाही, माझ्या जागी धाकट्या भावाला बसवा. ज्या माणसानं गावातल्या प्रत्येक लग्नात बुंदीची बादली घेऊन पंगतीत धावाधाव केली, तो पोरीच्या लग्नात कडी लावून बसणार! आक्का फोनवर रडली. मग नाक पुसून म्हणाली, "तुझं एवढं नाव झालंय तिकडं. त्यास्नी कायतरी स्फूर्तीचं लिही की रं."

दाजी, माझं नाव कसं झालं ते आधी सांगतो, म्हणजे स्फूर्तीचा प्रश्न आपोआप मिटेल. यार्डात पाइप घरंगळले, माझा उजवा पाय गुडघ्याखालून गेला आणि कंपनीनं मला वेल्डिंगवरून हत्यारांच्या स्टोअरमध्ये आणलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पुढं सेफ्टीच्या दिवशी साहेबाला पोस्टरवर लावायला कुणीतरी हवं होतं. हाताची घडी घालून, नजर लांब ठेवून माझा फोटो काढला आणि खाली इंग्रजीत लिहिलं की या माणसानं हार मानली नाही. (प्रत्यक्षात हाताची घडी घातल्यावर तोल जायला लागला म्हणून मी भिंतीला टेकलो होतो. भिंत फोटोत नीट दिसत नाही.) आणि ती जिद्द म्हणतात ना, तिचंही खरं कारण ऐका. आमच्या खोलीपासून संडास कॉरिडॉरच्या पार त्या टोकाला आहे. दर वेळी कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून जायचं, आणि तो दाराबाहेर उभा राहून साऱ्या मजल्याला ऐकू जाईल असं विचारणार, झालं का. त्या एका प्रश्नाला कंटाळून मी चालायला शिकलो. पोस्टरवर हे छापत नाहीत.

मला चालायला शिकवलं ते अलेक्सनं. हा वसईचा पोरगा, इथल्या एका हॉस्पिटलात आमच्यासारख्यांना नवीन पायावर उभं करायचं काम करतो. स्वभावानं गोड, पण शिकवताना सारखं म्हणणार, "संपतभाऊ, खाली बघू नका." खाली बघितलं नाही तर पाय कुठं पडतोय ते कळणार कसं, हे त्या दोन पायांच्या माणसाला आजवर पटवून देता आलेलं नाही. तर या अलेक्सच्या हॉस्पिटलच्या ऑफिसात शालूताई म्हणून आहेत, पुण्याकडच्या, राहायला अल अझीझियाला. त्यांच्याकडे सत्यनारायण होता. पूजेनंतर मुलांना काही चांगलं ऐकायला मिळावं म्हणून अलेक्सनं माझं नाव सुचवलं. विषय ठरला 'जिद्द'. मी लगेच हो म्हणालो. (प्रसादाच्या शिऱ्यासाठी. इथं तुपातला शिरा मिळणं किती अवघड आहे ते तुम्हाला कळणार नाही.)

आता गंमत अशी की भाषण पाठ केलं, दाढी केली, इस्त्रीची पॅंट घातली, पण दारात काय होणार याचा विचार कुणीच केला नाही. मराठी माणसाचं घर, त्यात पूजा. दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये चपला-बुटांचा हा ढीग! दाजी, तुम्ही खोकं उघडलेलं नाही म्हणून तुम्हाला माहीत नसेल, हा पाय बुटाच्या टाचेच्या उंचीला जुळवून बसवलेला असतो. बूट काढला की टाच खाली जाते आणि माणूस मागं कलतो. अनवाणी चाललो की मी पतंग बघत चालल्यासारखा दिसतो. शिवाय त्या ताठ पावलावरून बूट ओढून काढायला एक धरणारा आणि दोन ओढणारे लागतात. बूट घालून पूजेच्या घरात जाणं आपल्याच्यानं होणार नाही. तेव्हा मी डोकं चालवलं. भिंतीला टेकलो, डावा बूट काढला, मग उजवा पायच बुटासकट काढला आणि दोन्ही जोडीनं, नीट, ढिगाच्या कडेला ठेवून दिले. कुबडी खाली गाडीत राहिली होती. अलेक्सच्या खांद्यावर हात टाकून लंगडी घालत आत गेलो आणि सोफ्यावर बसलो. शालूताईंना वाटलं हे सगळं भाषणाचाच भाग आहे.

कथा झाली, आरती झाली, मी सुरुवात केली. म्हणालो, माणसानं स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकलं पाहिजे. (सोफ्यात रुतून, पॅंटची रिकामी नळी चाचपत.) मुलं ऐकत होती असं मला वाटलं. तेवढ्यात शालूताईंची लेक म्हणाली, "अंकल, कॅन वी सी युअर लेग?" मला तर भरूनच आलं. म्हटलं, जा, दारात आहे, सांभाळून घेऊन ये. सगळी मुलं पळाली. लगेच परतही आली. "अंकल, देअर इज नो लेग."

अलेक्स जाऊन बघून आला. सगळ्यांच्या चपला जागेवर, माझा डावा बूटसुद्धा जागेवर, एकटाच. पाय खलास. मग कुणीतरी चपला चोरीला जाण्याच्या गोष्टी सांगायला लागलं, जणू त्यानं मला धीर येणार होता. पाय गेल्याचं दुःख एकदा भोगून झालं होतं, तोच दुसऱ्यांदा जाईल असं कुणाला वाटतं?

झालं होतं असं. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई भाजी घेऊन लिफ्टमधून बाहेर आल्या. बघतात तर चपलांच्या ढिगात मोजा, बूट आणि वर नडगीपर्यंत माणूस, पुढं काहीच नाही. बाई किंचाळल्या, टोमॅटो कॉरिडॉरभर. (आमची तेव्हा आरती टिपेला पोचली होती, म्हणून काही कळलं नाही.) खालून वॉचमन अश्फाक धावत आला. हा मोठा शांत माणूस. त्यानं पाय उचलून बघितला, नकली आहे अशी बाईंची खात्री पटवली आणि पुन्हा कुणी घाबरू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून खाली आपल्या केबिनमध्ये नेला. उन्हानं खराब होईल म्हणून एसीसमोर स्वतःच्या खुर्चीवर ठेवला आणि आपण उभा राहिला. समोरच्या बाईंकडून हे कळल्यावर अलेक्स मागायला गेला तर अश्फाक देईना. म्हणे, "जिसका है, वो खुद आके ले जाए।" नियमानं बरोबरच होतं. पण ज्याचा आहे त्याला यायला तोच लागतो, हे नियम करणाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं.

मग निघाली आमची वरात. मी अलेक्सच्या गळ्यात हात टाकून लंगडी घालत, मागं सोवळ्यातले यजमान, शिऱ्याची वाटी घेऊन शालूताई, झाडून सगळी मुलं आणि टोमॅटोवाल्या बाईसुद्धा. लॉबीत येणारे-जाणारे थांबले. अश्फाकनं मला नीट न्याहाळलं आणि अदबीनं म्हणाला, "साब, पहचान?" ओळखपत्र वर राहिलं होतं. मी पॅंटची रिकामी नळी वर केली. साऱ्या लॉबीसमोर, दाजी. जी गोष्ट मी खोलीतल्या माणसांपासूनसुद्धा चादरीखाली लपवून ठेवत आलो, ती परक्या बायाबापड्यांसमोर, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात. अश्फाकनं बघितलं, मान हलवली, खुर्ची पुढं ओढली आणि पाय दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. मी तो घातला आणि उभा राहिलो. लॉबीनं टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदाच नुसतं उभं राहिल्याबद्दल टाळ्या मिळाल्या. (लहानपणी मिळाल्या असतील तर आक्काला विचारा.)

मला वाटलं होतं, लाजेनं मी जागच्या जागी मरेन. मेलो नाही. आधी मुलं हसली, मग मी हसलो, मग टोमॅटोवाल्या बाई माझ्यापेक्षा जास्त हसल्या. आणि हसता हसता एकदम लक्षात आलं, आता लपवायला काही उरलंच नाही. त्या दिवसापासून मी खोलीत चादर घेत नाही. एवढंच. भाषण अर्धंच राहिलं, शिरा दोनदा खाल्ला. यात स्फूर्ती कुठं सापडली तर आक्काला काढून द्या, मला तर दिसत नाही.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीला पेंड.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
संपत

ता.क. आक्काला सांगा, स्फूर्तीचं पत्र आलं. ती वाचायला मागेल, तर अक्षर लागत नाही म्हणा.

ता.क. पुन्हा. रजा मंजूर झाली, तिकीट काढलं. आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते लिहितो. मंगलाष्टकांच्या आधी भटजी माइकवरून पुकारणार, मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं. एकुलता मामा मी. घरातून बोहल्यापर्यंत अनवाणी यायचं, मग अंतरपाट धरलेला असताना तिच्या मागं उभं राहायचं. एकटा निघालो तर वाटेतच मागच्या मागं पडेन आणि पडताना पोरीला घेऊन पडेन. अलेक्सला विचारलं. तो म्हणतो, पाय बसवलेली दोन माणसं एकमेकांना धरून चालली तर अनवाणीही पडत नाहीत, फक्त आधी सराव पाहिजे. माझा उजवा गेलाय, तुमचा डावा. तुम्ही माझ्या उजव्या हाताला आलात की गेलेले दोन्ही आत येतात आणि शाबूत दोन्ही बाहेर राहतात. ईश्वरी माझ्या डाव्या हाताला. कन्यादानाला कोण बसतं ते तुमचं तुम्ही बघा, त्यात मी बोलणार नाही. मला मांडवापर्यंत न्यायला मात्र या. गावात धरायला माणसं पुष्कळ आहेत, पण कसं धरायचं हे ज्याला सांगावं लागणार नाही असे तुम्ही एकटेच आहात.

ता.क. शेवटचं. नाही म्हणालात तर मी लग्नालाच येणार नाही. (ही धमकी खोटी आहे. मी येणारच. पण दाजी, मला भीती वाटते, ती खरी आहे.)