सारांश: एक पान, शेवटासह

३ जानेवारी, सकाळ
पुण्याच्या प्रकाशकांचा मेल. आधी कादंबरीचा सारांश पाठवा: एक पान, शेवटासह, महिनाअखेरीपर्यंत. आवडला तर छापणार! आठ वर्षं घासून चारशे पानं लिहिली. एक पान म्हणजे किस झाड की पत्ती. रविवारी उडवतो.

५ जानेवारी, रविवार
बसलो. नायक सावनेरचा. पण माणूस कोणाचा कोण हे कळल्याशिवाय आपल्याकडे पुढचं ऐकतं कोण? म्हणून आधी आजोबा घेतले, मग मोठे काका, मग आत्याचं सासर. तीन पानं झाली. नायक अजून जन्मलेला नाही. पाया भक्कम होतोय.

९ जानेवारी
सीताबर्डीतून नवा पेन आणला. जुन्याला फ्लो नव्हता.

१२ जानेवारी
बायकोचे भाऊ आनंदराव आले. वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, बापाकडचे सगळे आले, पोराचा मामा काहून नाही? मुद्दा बरोबर. लग्नपत्रिकेत नाव गळलं तर लोक दहा वर्षं बोलत नाहीत. मामा घातला. मामी रुसू नये म्हणून तीही घातली. कादंबरीत दोघं नाहीत, तिथे नंतर बसवू.

१८ जानेवारी
पान सात. नायक जन्मला. बायको, प्रेमिला, म्हणाली, अहो, त्यांनी एकच पान मांगतलं नं. तिला म्हटलं, टाइप करताना फॉन्ट लहान करून राहिलो. बायकांना तंत्र कळत नाही.

३० जानेवारी
फॉन्ट चार. मार्जिन काढलं. सगळी मंडळी एका पानात मावली. शेवटाला जागा उरली नाही, पण उत्सुकता हवीच. पाठवला. तर्री-पोहे खाल्ले. प्रकाशन समारंभाचं भाषण आरशासमोर म्हणून पाहिलं.

४ फेब्रुवारी
संपादक बाईंचं उत्तर. भिंग घेऊन वाचला म्हणतात. माणसं कळली, नातीही कळली. आता कादंबरीत घडतं काय, ते दोन ओळींत कळवा. दोन ओळी चहा निवायच्या आत होतील.

५ फेब्रुवारी
घडतं काय ते नेमकं आठवेना. कादंबरी काढली. दोनशे पानं वाचली. सावनेरचे सगळे शहरात जरीपटका वस्तीत येतात, चहा घेतात. पुढे असेल.

८ फेब्रुवारी, दुपार
वाचून संपली. आठ वर्षांत मी एकाच्याही केसाला धक्का लागू दिलेला नाही. फार वाईट वाटलं. प्रेमिलाने विचारलं, काय होते मंग त्याच्यात? सांगितलं, कोणाले काही होत नाही, सगळे सुखरूप आहेत. ती म्हणाली, मंग बरं आहे, आणि कुकर लावायला उठली.